मासे सोडण्यापूर्वीचा महिना

घरात फिशटँक आणायचा ठरला की सगळ्यांनाच घाई होते. दुपारी काचेची टाकी येते, संध्याकाळी ती धुऊन पाण्याने भरली जाते आणि रात्री दिवा लावून सारे घर तिच्यातले मासे पाहत बसते. मीही असेच केले होते. पाणी नळाचे, पिण्याचे, अगदी नितळ. मासे सहा, सगळे गोल्डफिश. पाचव्या दिवशी एक तळाशी आडवा पडला, सातव्या दिवशी दोन गेले आणि नवव्या दिवशी टाकी रिकामी झाली. पाणी मात्र तेव्हाही तसेच नितळ होते. काहीतरी रोग असावा असे समजून मी ते सगळे ओतून दिले, वाळू उकळत्या पाण्याने धुतली, काचा घासल्या आणि नवे मासे आणले. तेही दहा दिवसांत गेले.

शेवटी टाकीतले पाणी बाटलीत भरून आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांकडे नेले. त्यांनी दोन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत नळाचे पाणी आणि दुसरीत टाकीचे. दोन्हींत नेसलरच्या अभिकर्मकाचे थोडे थेंब टाकले. पहिली नळी तशीच राहिली, दुसरी पिवळी होत होत तपकिरी झाली. "अहो, ही टाकी नव्हे, ही तर मोरी आहे!" ते म्हणाले. पाण्यात भरपूर अमोनिया होता. (या अभिकर्मकात पाऱ्याचा विषारी क्षार असतो, तेव्हा हा प्रयोग कोणी घरी करू नये.)

हा अमोनिया आला कोठून? तो माशांनीच सोडला होता. अन्नातील प्रथिने वापरली गेली की शरीरात नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य उरते. आपले शरीर त्याचे युरियात रूपांतर करते. माशाला एवढी यातायात करावी लागत नाही. भोवती पाणीच पाणी असल्याने बहुतेक सारा अमोनिया तो कल्ल्यांवाटे सरळ बाहेर टाकतो. नदीत किंवा तळ्यात तो पांगून जातो. पन्नास लिटरच्या टाकीत तो जाणार कोठे? त्यात उरलेसुरले खाद्य आणि विष्ठा कुजून आणखी भर पडते.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, हा फारसा त्रास देत नाही. दुसरे रूप म्हणजे मुक्त अमोनिया, आणि हा कल्ल्यांतून आत शिरून मासा मारतो. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी शेकडा अर्ध्याहून थोडासाच अधिक भाग मुक्त असतो. सामू ८ झाला की तोच शेकडा पाचाच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दसपट. आपल्याकडे काळ्या पाषाणातल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन असते आणि त्याचा सामू ७ च्या वर असतो. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला विशेष लागू पडते.

वीस दिवस काहीच घडले नाही

आता थोडा इतिहास पाहू. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली एका मोठ्या काचपात्रात पाणी घेतले, तळाशी वाळू आणि चिखल घातला, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. पुढे कुजकी पाने खाण्यासाठी गोगलगायी सोडल्या. पाणी न बदलताही मासे जगले. १८५० साली त्यांनी केमिकल सोसायटीपुढे या प्रयोगाचा निबंध वाचला. त्यांचा भर वायूंवर होता : मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती प्राणवायू देते आणि तोल राहतो. हे खरेच आहे. पण त्या वाळूत आणि चिखलात आणखी कोणीतरी काम करीत होते याची त्यांना कल्पना नव्हती.

ते काम उघडकीला आले मासे पाळताना नव्हे, तर सांडपाण्यावरील प्रयोगात. फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंत्झ या दोघांनी १८७७ साली वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून सांडपाणी अगदी सावकाश झिरपू दिले. वीस दिवस काहीच घडले नाही. वरून जेवढा अमोनिया जाई, तेवढाच खालून बाहेर येई. नंतर अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. ही निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. लगेच नायट्रेट बंद! क्लोरोफॉर्म काढून थोड्या मातीचे पाणी वरून घातले, तेव्हा काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले. म्हणजे वाळूत राहून अमोनियाचे नायट्रेट करणारे कोणीतरी सजीव होते.

गंमत अशी की, पुढचे पाऊल टाकले ते दुसऱ्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी, म्हणजे काचपात्रात मासे पाळणाऱ्या वॉरिंग्टनांच्या मुलाने. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात काम करताना त्यांना आढळले की ही क्रिया दोन टप्प्यांत होते. आधी अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू वेगळे काढायला मात्र त्यांना जमले नाही. ते १८९० साली विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने साधले. इतर संशोधक जिवाणूंना जिलेटिनसारखे सेंद्रिय खाद्य देत. विनोग्राद्स्कीने ते दिलेच नाही. कारण हे जिवाणू अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवतात आणि कार्बन घेतात तो कार्बन डायऑक्साइडमधून.

या विषयात अजूनही नवे काही सापडत असते. २००५ साली सिॲटल येथील मत्स्यालयाच्या एका समुद्री टाकीतून अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा आर्किया गटातील सूक्ष्मजीव वेगळा काढण्यात आला, आणि २०१५ साली दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा हा जिवाणू सापडला.

आता माझ्या दुसऱ्या खेपेच्या माशांचे काय झाले ते तुमच्या ध्यानात आलेच असेल. नऊ दिवसांत टाकीत जे थोडे जिवाणू रुजू लागले होते, ते मी उकळत्या पाण्याने मारून टाकले होते.

पण यांना एवढा उशीर का लागतो? आतड्यातला ई. कोलाय जिवाणू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रीकरण करणाऱ्यांना त्यासाठी सुमारे एक दिवस लागतो असे धरू. एकाचे दहा लाख व्हायला २० वेळा दुप्पट व्हावे लागते (करून पाहा, २ चा विसावा घात १०,४८,५७६ येतो). ई. कोलाय हे अंतर पावणेसात तासांत कापतो. आपले जिवाणू वीस दिवसांत. शिवाय दुसऱ्या टप्प्याच्या जिवाणूंना नायट्राइट लागते आणि ते पहिल्या टप्प्याचे काम सुरू झाल्यावरच तयार होते.

टाकी मांडताना

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी टाकी घेऊ. तिच्यात ५४ लिटर पाणी मावते, म्हणजे नुसते पाणीच ५४ किलो. काच आणि वाळू धरली तर भार ७० किलोच्या आसपास जातो. तेव्हा ती फळीवर नको, भक्कम टेबलावर हवी. तळाशी पाण्याचा दाब सुमारे २९४० पास्कल, पृष्ठभागी शून्य, म्हणजे सरासरी १४७० पास्कल. समोरच्या काचेचे क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर. यांचा गुणाकार २६५ न्यूटन. सत्तावीस किलोचे पोते त्या काचेला रात्रंदिवस बाहेर ढकलीत आहे असे समजा! टेबल किंचित जरी उंचसखल असेल तरी तळकाचेवर एकाच जागी ताण येऊन ती तडकते. म्हणून खाली थर्माकोलचा एक सेंटिमीटर जाडीचा ताव घालावा. खिडकीतले थेट ऊन टाळावे, नाहीतर शेवाळ माजते.

तळाशी घालायची खडी साध्या पाण्याने, गढूळपणा जाईपर्यंत धुवावी. साबण मुळीच नको. खडी केवळ शोभेसाठी नसते. हे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि पृष्ठभाग मिळतो तो खडीतच. ३ मिलिमीटर व्यासाचे गोल खडे ४ सेंटिमीटर जाडीने पसरले तर त्यांचे एकूण पृष्ठफळ साडेआठ चौरस मीटर भरते. टाकीच्या पाचही काचांचे मिळून पाऊण चौरस मीटरही होत नाही. एका लहान खोलीच्या जमिनीएवढी जागा आपण त्या चार सेंटिमीटरमध्ये घडी घालून ठेवलेली असते.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो. तो आपल्याला हवे असलेले जिवाणूही मारतो आणि माशांचे कल्लेही जाळतो. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले की तो बहुतेक निघून जातो. घाई असेल तर छायाचित्रकार वापरतात तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, अगदी चिमूटभर पुरतो. खेड्यात ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ज्या ओटी चाचणीने क्लोरीन पाहतात, तिनेच खात्री करून घेता येईल. पिवळा रंग आला नाही म्हणजे झाले.

टाकी भरली की मासे नसले तरी हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. अमोनियातील १ मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो, आणि ३० अंशांच्या पाण्यात तो लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. बुडबुड्यांतून प्राणवायू पाण्यात शिरतो असा सर्वसाधारण समज आहे. पण बुडबुडा सेकंदाभरात वर येऊन फुटतो. तेवढ्यात तो कितीसा देणार? त्याचे खरे काम तळाचे पाणी वर ओढणे आणि पृष्ठभाग हलता ठेवणे हे होय.

रिकाम्या टाकीला जेवण

जिवाणूंना अमोनिया हवा आणि मासे तर नाहीत. म्हणून रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकीत टाकावे, ते कुजून अमोनिया होतो. कोणाच्या निरोगी जुन्या टाकीतली मूठभर ओली खडी मिळाली तर फारच उत्तम, ते दह्याच्या विरजणासारखे काम करते. ती आणताना सुकू द्यायची नाही आणि धुवायची तर नाहीच. पहिल्या आठवड्यात पाणी दुधट दिसेल. घाबरून ते ओतू नये; कुजवणाऱ्या इतर जिवाणूंची ती गर्दी असते आणि ती आपोआप ओसरते.

मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजण्याचे संच मिळतात. एक दिवसाआड मोजून आलेखकागदावर तीन रेषा काढाव्यात. शाळेच्या प्रयोगशाळेत एका तुकडीला महिनाभर पुरेल असा हा उद्योग आहे. अमोनियाची रेषा आधी चढते, मग उतरू लागते. ती उतरताना नायट्राइटची चढते. हा मधला काळ फसवा असतो. अमोनिया संपला म्हणून लोक मासे सोडतात, पण नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथिमोग्लोबिन करते. मग रक्त तपकिरी पडते, प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही मासा वर येऊन धापा टाकतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट वाढत राहिले, म्हणजे टाकी तयार झाली. याला तीन ते सहा आठवडे लागतात, थंडीत अधिकच.

मग अर्धे पाणी बदलावे, म्हणजे साठलेले नायट्रेट कमी होते. नवे पाणी अर्थात क्लोरीन गेलेलेच हवे. पिशवीतले मासे पंधरा-वीस मिनिटे पिशवीसकट टाकीत तरंगत ठेवावेत. दोन्ही पाण्यांचे तापमान एक झाल्यावर त्यांना सोडावे. पहिल्या खेपेला दोनच, तेही गप्पीसारखे लहान. जिवाणूंची संख्या मिळेल त्या अमोनियापुरतीच असते. एकदम सहा गोल्डफिश सोडले तर माझी पहिली टाकी पुन्हा तयार होईल.

तिसऱ्या खेपेला माझ्या टाकीत दोन्ही रेषा शून्यावर यायला चौतीस दिवस लागले. तोवर घरातल्या मंडळींनी खडी आणि पाणी पाहण्याचा नाद सोडून दिला होता. पस्तिसाव्या दिवशी दोन गप्पी सोडले. दुसऱ्या दिवशी नायट्राइटच्या परीक्षानळीत फिकट गुलाबी छटा आली, तिसऱ्या दिवशीही होती. चौथ्या दिवशी ती गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी गप्पीच्या मादीला पिले झाली, आणि त्यांची मोजणी आम्ही एकोणिसाव्या पिलापाशी सोडून दिली, कारण ती एका जागी थांबायला तयार नव्हती.