पत्र्याच्या घराचा माळा हवेशीर ठेवा

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे देवगड, मालवण व वेंगुर्ले या तालुक्यांत, चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलारू छप्पर अशी घराची रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मंगळूर येथे 1865 साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि पुढे नळीच्या कौलांची जागा हळूहळू मंगलोरी कौलांनी घेतली. अलीकडे मात्र अनेक घरांवर पत्रा चढू लागला आहे. त्यास कारणेही तशीच सबळ आहेत. कौलारू घराची पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागते, माकडांच्या उड्यांनी कौले फुटतात आणि वासे व रिपांचे लाकूड महाग झाले आहे. पत्रा हलका असतो व लवकर चढतो. परंतु कौले उतरवून पत्रा घालताना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. कौलांच्या सांध्यांतून माळ्यावरील हवा आपोआप बाहेर पडत असे. पत्र्याखालील हवेला तशी वाट ठेवावी लागते.

बंद माळ्यावर काय घडते?

पत्र्याची पाने एकमेकांवर घट्ट बसतात. भिंतीच्या माथ्यावर पत्र्याच्या लहरींखाली ज्या फटी राहतात, त्याही उंदीर व वटवाघळे येऊ नयेत म्हणून सिमेंटने बुजविल्या जातात. मग माळा म्हणजे झाकण लावलेले भांडेच होते. दिवसा पत्रा तापतो, त्याखालील हवा तापते आणि ती उष्णता तक्तपोशीतून खाली झिरपत राहते. रात्री उलट घडते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकतो व भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांतून वर गेलेली वाफ मग पत्र्याच्या आतील अंगावर दवासारखी जमते व ठिबकू लागते.

पुष्कळदा हे ठिबकणे म्हणजे गळती समजून पत्र्यावर डांबर फासले जाते. तो खर्च व्यर्थ जातो. दोहोंतील फरक ओळखणे कठीण नाही. पाऊस नसताना पहाटे पाणी ठिबकत असेल, ओल सर्व पत्र्यावर सारखी पसरलेली असेल आणि खिळ्यांच्या आतील टोकांवर थेंब दिसत असतील, तर ते दव होय. पाऊस असतानाच व ठराविक जागीच पाणी येत असेल, तर ती गळती समजावी.

बियाण्याची हानी

कोकणातील माळा ही शेतकऱ्याची कोठी आहे. भाताच्या मुड्या, कुळीथ, आमसुले, सुके खोबरे, पेंढा असे काय काय त्यावर ठेवलेले असते. दवाने आमसुलांना बुरशी येते आणि खोबरे खवट होते. याहून मोठी हानी बियाण्याची होते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. बीजशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम प्रसिद्ध आहे. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने वाढला, अथवा साठवणीचे तापमान सुमारे 5 अंश सेल्सिअसने वाढले, तर बियाण्याचे आयुष्य निम्म्यावर येते. बंद माळ्यावर उष्णता व ओलावा दोन्ही वाढतात. दाणा वरून चांगला दिसतो, पण तरव्यात उगवण विरळ होते.

हवेसाठी दोन वाटा

गरम हवा हलकी असल्यामुळे ती आढ्याकडे चढते. तिला तेथे बाहेर पडावयास वाट हवी, आणि तिची जागा घेणारी थंड हवा आत येण्यास खाली वळचणीजवळ दुसरी वाट हवी. दोहोंपैकी एकच ठेवल्यास काम अर्धवट होते.

या वाटांचे माप माळ्याच्या क्षेत्रफळावरून ठरवितात. निदान दीडशेवा हिस्सा मोकळा असावा व तो वर-खाली सारखा वाटावा. घर 30 फूट लांब व 20 फूट रुंद असेल, तर माळा 600 चौरस फूट होतो आणि मोकळी जागा 4 चौरस फूट लागते. पैकी 2 वर व 2 खाली. जाळीची तार सुमारे निम्मी जागा अडविते असे धरून वाट दुप्पट ठेवावी. त्यासाठी दोन्ही वळचणींना घराच्या लांबीभर साधारण एक इंचाची फट सोडावी, आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत आढ्यालगत प्रत्येकी 2 चौरस फुटांचा झरोका ठेवावा. खाऱ्या वाऱ्यात साधी लोखंडी जाळी लवकर गंजते. म्हणून स्टेनलेस स्टीलची बसवावी. लहरींखालील फटी सिमेंटने न बुजविता तेथेही हीच जाळी लावावी. चुलीच्या धुराला मात्र धुराडे करून छपराबाहेर काढावे. तो माळ्यावर सोडू नये.

पाऊस आणि वादळ यांची दक्षता

येथील पावसाचा मारा नैर्ऋत्य व पश्चिम दिशेने येतो. म्हणून झरोक्यांना बाहेरच्या बाजूस खाली उतरत्या पट्ट्या व वर लहानसे छज्जे असावेत. घराची टोके पूर्व-पश्चिम असतील, तर पश्चिमेचा झरोका लहान ठेवून आढ्यावरील पत्रा किंचित उचलून घ्यावा व तेथून हवा काढावी.

मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळात या किनाऱ्यावरील अनेक घरांच्या छपरांची हानी झाली. वारा आत शिरून पत्रा खालून उचलतो, हे ध्यानात घेऊन झरोके मापाहून फार मोठे ठेवू नयेत. हूक व बोल्ट घट्ट आवळावेत आणि छपराचा सांगाडा भिंतीत पक्का बांधावा.

मर्यादाही जाणाव्यात

झरोक्याने गरम हवा निघून जाते. तापलेल्या पत्र्याची थेट धग मात्र उरते. तिच्यासाठी पत्र्यास पांढरा रंग द्यावा. जस्ती पत्र्यावर चुना मात्र फासू नये, कारण ओला चुना जस्ताचा थर खातो. तसेच आषाढ-श्रावणात बाहेरची हवाच दमट असते. तेव्हा झरोक्याने धान्य वाळत नाही. बियाणे पावसाळ्यापूर्वी उन्हात नीट वाळवून, निववून, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा कोठीत भरावे व माळ्याऐवजी घरातील थंड जागी ठेवावे.

झरोका ठेवण्याची योग्य वेळ म्हणजे पत्रा चढण्यापूर्वीची; नंतर तेच काम दुप्पट खर्चाचे होते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवे छप्पर होत असलेल्या घरी पावसाळ्याआधी जाऊन गवंडी व सुतार यांच्यासमक्ष माप काढून द्यावे. ज्या घरांवर पत्रा आधीच चढला आहे, तेथे निदान टोकाच्या भिंतींत झरोके पाडून घ्यावेत आणि वळचणीच्या बुजविलेल्या फटी मोकळ्या करून जाळी बसवावी. एवढे केले, तरी दवाचे ठिबकणे पुष्कळ कमी होईल व माळ्यावरील माल सुरक्षित राहील.