हिरव्या खुणेवर किती विसंबायचं?
‘ऑटो’ कॅमेऱ्याने पिकाचे फोटो काढताना

हल्ली गावोगावी डीएसएलआर कॅमेरा दिसू लागला आहे. कुणाच्या मुलाने लग्नाच्या ऑर्डरी घेण्यासाठी जुना विकत घेतलेला असतो, तर कुठे शाळेच्या किंवा शेतकरी गटाच्या कपाटात तो पडून असतो. मक्यावर अळी पडली, गारपीट झाली, की ‘आण रे तो मोठा कॅमेरा’ अशी हाक जाते. वरची चकती हिरव्या खुणेवर, म्हणजे ‘ऑटो’वर ठेवायची आणि बटण दाबायचं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. तेवढ्यावर भागतं का? पुष्कळदा भागतं. पण ज्या फोटोवरून कोणतं औषध फवारायचं हे ठरणार, तिथे फसगत झाली तर खर्च अंगावर येतो.

कॅमेरा काय ठरवतो?

हिरव्या खुणेवर जवळपास सगळा कारभार कॅमेऱ्याच्या हाती जातो. भिंगाचं छिद्र किती उघडायचं, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, आयएसओ किती वाढवायचा, फ्लॅश उडवायचा की नाही, रंग कसे दाखवायचे आणि फोकस कुठे धरायचा, हे तोच ठरवतो. मात्र त्याला उजेड मोजता येतो, शेती कळत नाही. समोरचं दृश्य फार पांढरं नाही आणि फार काळं नाही असं धरूनच तो हिशेब करतो. म्हणून वेचणीला आलेला कापूस किंवा गारांचा खच फोटोत मळकट येतो आणि काळी म्हैस भुरकट दिसते. कॅमेरा बिघडलेला नसतो, त्याचा हिशेबच तसा आहे.

अळी राहते बाजूला

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये प्रथम आढळली. तिची ओळख दोन खुणांवरून पटते. डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटं काढल्यासारखी फिकट रेघ असते आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके असतात. कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना फोटोत याच खुणा दिसायला हव्यात.

पण अळी असते पोंग्यात. ‘ऑटो’वर कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो. पुढचं पान लख्ख येतं आणि अळी पुसट. पोंग्यात अंधार म्हणून फ्लॅश उडतो तो वेगळाच. ओलसर अंग चकाकतं आणि ठिपके दिसेनासे होतात.

उपाय सोपा आहे. पोंगा हाताने उकला, पुढचं पान बाजूला करा, नाहीतर अळी काढून सपाट पानावर ठेवा. चकतीवर हिरव्या खुणेशेजारी विजेच्या चिन्हावर काट मारलेली खूण बऱ्याच मॉडेलवर असते. तिथे बाकी सगळं ‘ऑटो’च राहतं, फक्त फ्लॅश बंद होतो. मग बटण अर्धं दाबा, ‘टिक’ आवाज आला की पूर्ण दाबा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ च्या लेन्सला साधारण २५ ते २८ सेंटिमीटर अंतर लागतं. त्याहून जवळ गेलात तर फोकस लागत नाही आणि बटण दाबूनही फोटो निघत नाही. अशा वेळी थोडं मागे सरा आणि झूम ५५ वर न्या.

वारा असेल तर पानाचा देठ एका हाताने धरा. उजेड कमी असला की कॅमेरा पडदा जास्त वेळ उघडा ठेवतो आणि हललेलं पान पुसट येतं. कोपरं अंगाशी घट्ट धरली तरी बराच फरक पडतो.

पान पिवळं का पडलं हे विचारायचं असेल, तर हिरव्या शेडनेटखाली फोटो काढू नका, रंग फसवा येतो. पान मोकळ्या सावलीत आणा आणि शेजारी एक निरोगी पान ठेवा. पाहणाऱ्याला तुलना करता येते.

नुकसानीचे फोटो

गारपीट किंवा अतिवृष्टीनंतर पंचनाम्याची वाट पाहताना स्वतःजवळ फोटो असलेले बरे. आधी कॅमेऱ्यातली तारीख-वेळ तपासा. बॅटरी फार दिवस बाहेर राहिली की घड्याळ चुकतं आणि फोटोवर भलतीच तारीख बसते. बहुतेक साध्या डीएसएलआरमध्ये जागेची नोंदही होत नाही. म्हणून पहिला फोटो लांबून घ्या. त्यात विहीर, बांध, रस्ता अशी ओळखू येणारी खूण असू द्या. मग जवळून घ्या. सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर आभाळ उजळ आणि पीक काळं येईल. तरीही हा फोटो सरकारी नोंदीची जागा घेत नाही. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी मोबाईलच्या ॲपमधूनच करावी लागते.

ग्रामपंचायतीसाठी

रात्रीच्या सभेचा फोटो ‘ऑटो’वर काढला की पुढची रांग पांढरीफटक आणि मागची माणसं अंधारात, हे नेहमीचंच. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश काही मीटरच पोचतो. दिवे सगळे लावा, फ्लॅश बंद करा आणि कॅमेरा टेबलावर टेकवून घ्या.

एक पाऊल पुढे

हात बसला की चकती ‘पी’वर आणा. छिद्र आणि वेळ कॅमेराच ठरवतो, पण फ्लॅश न विचारता उडत नाही. अधिक-उण्याच्या चिन्हाचं बटण दाबून चकरी फिरवली की उजेड कमी-जास्त करता येतो. कापसाला अधिक एक, काळ्या म्हशीला उणे एक, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

शेवटचं काम शेतातच उरका. फोटो पडद्यावर मोठा करून बघा. अळीचे ठिपके मोजता येतात का? नसतील तर लगेच दुसरा काढा, त्याला पैसे पडत नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, साधा पाठवला तर बारकावे जातात. आणि तज्ज्ञांचं उत्तर येईपर्यंत फवारणीचा पंप खाली ठेवा.