वजन कमी, किंमत जास्त!

मारुती ८०० ही गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. १९८३च्या अखेरीस ती रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन, साधारण ३७ अश्वशक्ती आणि सुमारे ६५० किलो वजन. इंजिन मूळचे जपानच्या सुझुकी कंपनीचे.

आता दुसरी एक गाडी पाहू. तिचेही इंजिन सुझुकीचेच, तीन सिलिंडरचे, पण त्याहून लहान म्हणजे ६५८ घनसेंटिमीटरचे. टर्बोचार्जरच्या मदतीने ते ८४ अश्वशक्ती देते. गाडीचे वजन मात्र अवघे ४४० किलो. तिला पक्का टप नाही, मागची बैठक नाही, एअरबॅग नाहीत. पुढची चाके शरीराबाहेर, सायकलसारख्या मडगार्डखाली. इंग्लंडमधल्या केटरहॅम कंपनीची ही 'सेव्हन १७०' गाडी २०२१ साली बाजारात आली, तेव्हा सुट्या भागांच्या संचाची किंमत सुमारे २३ हजार पौंडांपासून सुरू होत होती. त्या वेळच्या दराने हे सुमारे २३ लाख रुपये झाले. किलोमागे हिशेब केला तर पाच हजारांच्या वर! शिवाय गाडी कारखान्यातूनच जोडून हवी असेल तर आणखी काही हजार पौंड.

या गाडीचे चित्र दाखवले की मुले लगेच विचारतात, "इतकं सगळं काढून टाकलंय, तर स्वस्त का नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्यामागोमाग दुसराही प्रश्न येतो. भाग तेच असताना कारखान्यात जोडलेल्या गाडीसाठी जास्त पैसे का द्यायचे? दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरे आपल्या नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेत.

कर वाचवण्यासाठी संच

या गाडीचा मूळ आराखडा बराच जुना आहे. कॉलिन चॅपमन या इंग्रज अभियंत्याच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'लोटस सेव्हन' आणली. चॅपमनचा सारा भर वजन कमी करण्यावर होता. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर भरावा लागे, पण गाडीचे सुटे भाग विकत घेऊन ती घरी जोडली तर हा कर लागत नसे. त्यामुळे सेव्हन प्रामुख्याने संचाच्या रूपात खपली. १९७३ साली ब्रिटनमध्ये खरेदी कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने या गाडीचे हक्क केटरहॅमला दिले.

म्हणजे संच घेण्याचे मूळ कारण गेले, पण संच मात्र टिकून राहिले. आजही ब्रिटनमध्ये ही गाडी खोक्यांतून किंवा तयार, अशा दोन्ही प्रकारे मिळते.

किंमत कशाची?

समजा, एखाद्या मोठ्या कारखान्याने गाडीचे पत्रे दाबून आकार देण्यासाठी १० कोटी रुपयांचे साचे बनवले. गाड्या १० लाख खपल्या तर प्रत्येक गाडीवर त्याचा बोजा १०० रुपये पडतो. गाड्या ५०० च खपल्या तर तोच बोजा दोन लाख रुपये! केटरहॅमच्या गाड्या वर्षाला काहीशेच बनतात. म्हणून तिथे मोठे साचे टाळून पोलादी नळ्यांचा सांगाडा वेल्डिंगने जोडतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवतात. साच्याचा खर्च वाचतो, पण माणसाचे श्रम वाढतात. इंजिन तर स्वतः बनवणे परवडतच नाही. ते सुझुकी किंवा फोर्डसारख्या कंपनीकडून घेतात.

तेव्हा ग्राहक पैसे मोजतो ते धातूच्या किलोंसाठी नाही. थोड्या संख्येने आणि हाताने काम करून घेण्यासाठी मोजतो. हलकेपणा टिकवून मजबुती आणणे हेही त्याच श्रमाचा भाग आहे.

हे वर्गात करून पाहता येईल. आइस्क्रीमच्या चार काड्यांची टोके टाचणीने जोडून चौकोन करा. एका कोपऱ्यावर दाब दिला की तो लगेच तिरका होतो. आता कर्णाच्या मापाची पाचवी काडी लावा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि तो हलेनासा झाला. वजन थोडेसेच वाढले, ताठपणा मात्र कितीतरी पटींनी. रेल्वेच्या पुलात हीच युक्ती वापरतात. सेव्हनचा सांगाडा म्हणजे असाच आडव्या-तिरप्या नळ्यांचा छोटा पूल आहे.

हलकेपणा काय देतो?

बल = वस्तुमान × त्वरण. बल तेवढेच ठेवून वस्तुमान निम्मे केले तर त्वरण दुप्पट होते. म्हणून गाड्यांची तुलना करताना नुसती अश्वशक्ती सांगून भागत नाही, ती किती वजनामागे आहे हे पाहावे लागते. मारुती ८०० मध्ये टनामागे सुमारे ५७ अश्वशक्ती होती. सेव्हन १७० मध्ये हा आकडा १९० आहे.

इथे एक गंमत लक्षात घ्या. ७५ किलोचा चालक बसला की सेव्हनचे वजन ५१५ किलो होते आणि १९० चा आकडा १६३ वर येतो. दीड टनाच्या गाडीला चालकाचे वजन जाणवतही नाही. गाडी जितकी हलकी, तितका प्रत्येक किलो महाग!

आता ऊर्जेचा हिशेब करू. ताशी ९६ कि.मी. (ताशी ६० मैल) म्हणजे सेकंदाला सुमारे २६.८ मीटर. ५१५ किलोची या वेगाची गतिज ऊर्जा, ½ × ५१५ × २६.८², सुमारे १ लाख ८५ हजार ज्यूल. ८४ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६२,७०० वॅट. भागाकार केला तर शून्यापासून या वेगापर्यंत जायला तीन सेकंद पुरायला हवेत. कंपनी सांगते ६.९ सेकंद. उरलेला वेळ कुठे गेला? इंजिन पूर्ण शक्ती एका ठरावीक फेऱ्यांवरच देते, गिअर बदलताना ओढ तुटते, सुरुवातीला चाकांची पकड आड येते, काही ऊर्जा घर्षणात आणि हवेचा रोध मोडण्यात खर्च होते. वर्गात हा फरक विद्यार्थ्यांनाच शोधायला लावावा.

ब्रेक आणि वळणे यांबाबत मात्र आपला एक समज चुकतो. हलकी गाडी लवकर थांबते असे आपण सहज म्हणतो. पण घर्षणाचे साधे सूत्र वापरले तर थांबण्याच्या अंतरातून वस्तुमान निघूनच जाते. वजन दुप्पट केले तर चाकांची पकडही दुप्पट होते. मग फायदा कुठे? एक म्हणजे टायर रबराचा असल्यामुळे भार वाढला की त्याचा घर्षणगुणांक थोडा कमी होतो. दुसरे म्हणजे हलक्या गाडीच्या ब्रेकना कमी ऊर्जेची उष्णता करावी लागते. त्यामुळे ब्रेक लहान चालतात, चाके हलकी चालतात, त्यांना धरणारा सांगाडा आणखी हलका चालतो. एका ठिकाणी वाचवलेला किलो दुसरीकडे आणखी काही ग्रॅम वाचवतो.

हवा सवलत देत नाही

याच गाडीचा २०१३ साली आलेला 'सेव्हन ६२० आर' हा भाऊ बराच महाग आहे. त्याची शक्ती ३१० अश्वशक्ती, म्हणजे १७० च्या ३.७ पट. मग कमाल वेगही तितका वाढतो का? १७० चा कमाल वेग ताशी सुमारे १६९ कि.मी., तर ६२० आरचा सुमारे २४९ कि.मी. म्हणजे जेमतेम दीडपट!

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून रोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३.७ चे घनमूळ सुमारे १.५५ येते. प्रत्यक्ष आकडा १.४७ आहे. इतक्या साध्या गणिताने इतके जवळ जाता येते, हे मुलांना जरूर दाखवावे. सेव्हनचा आकार हवेच्या दृष्टीने वाईटच. उघडी चाके, उभी काच, उघडी बैठक. तिचा रोधगुणांक आजच्या बंद मोटारीच्या दुपटीच्या आसपास भरतो. तेव्हा जास्त शक्तीसाठी मोजलेले पैसे त्वरणात दिसतात, कमाल वेगात फारसे दिसत नाहीत.

जोडणी कोणी करायची?

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. घरी सेव्हन जोडायला साधारण ८० ते १०० तास लागतात असे सांगितले जाते. रोज संध्याकाळी दोन तास काम केले तर दीड-दोन महिने. एवढ्या श्रमांचे मोल धरले की कारखान्याची जादा आकारणी फार वाटत नाही. पण खरा मुद्दा तासांचा नाही.

बोल्ट घट्ट करतो तेव्हा नेमके काय होते? बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग. पिळल्यावर तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. हा ताण पुरेसा असेल तर रस्त्याच्या धक्क्यांचा फार थोडा भाग बोल्टपर्यंत पोहोचतो. ताण कमी पडला तर प्रत्येक धक्क्याला बोल्ट ताणला आणि सैल होतो, आणि हजारो धक्क्यांनंतर थकून तुटतो. तार वारंवार वाकवली की तुटते, तसेच. उलट जास्त पिळला तर धातू स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडतो. म्हणून किती पिळायचे याचा आकडा दिलेला असतो आणि तो पाळण्यासाठी टॉर्क रेंच वापरतात.

ब्रिटनमध्ये घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी सरकारी तपासणीतून जावी लागते. १९९८ पासून अशी एक तपासणी होती. २००९ पासून तिची जागा प्रत्येक वाहनाच्या स्वतंत्र मंजुरीच्या पद्धतीने घेतली. ब्रेक, दिवे, धूर, अणकुचीदार कडा या गोष्टी तपासनीस पाहतो. पण आत बसलेल्या प्रत्येक बोल्टमध्ये ताण किती आहे, हे बाहेरून दिसत नाही. ते फक्त पाना धरणाऱ्यालाच ठाऊक असते. कारखान्याला जास्तीचे पैसे देताना आपण विकत घेतो तो सराव, आणि चूक झालीच तर ती कोणाची हे ठरलेले असणे.

हिशेबातली दुसरी बाजू

हलकेपणाची एक किंमत मात्र कुठल्याच दरपत्रकात लिहिलेली नसते. समजा, चालकासह ५०० किलोची सेव्हन आणि १,५०० किलोची मोठी गाडी, दोन्ही ताशी ५० कि.मी. वेगाने समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत अडकल्या. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार दोन्ही मिळून मोठ्या गाडीच्या दिशेने ताशी २५ कि.मी. वेगाने सरकतील. मोठ्या गाडीच्या वेगात २५ चा बदल झाला. लहानीच्या वेगात ७५ चा! तिप्पट बदल, तोही तेवढ्याच वेळात आणि एअरबॅगशिवाय. गाडी कारखान्यात जोडली काय किंवा घरी, हा हिशेब बदलत नाही.

मग ही गाडी किमतीला योग्य आहे का? रोज मुलांना शाळेत सोडायला आणि बाजार करायला नाहीच. तिथे निम्म्या पैशांत दुप्पट सोय मिळते. बंद धावपट्टीवर, जिथे समोरून जड गाडी येत नाही, तिथे मात्र ८४ अश्वशक्तीत जे मिळते ते जड गाडीत फार मोठ्या इंजिनाने आणि फार जास्त इंधनाने मिळवावे लागेल. कारखान्यातल्या जोडणीबद्दल आमचे मत असे की, ज्याने आयुष्यात कधी टॉर्क रेंच धरला नाही आणि ज्याला शिकवणारे जवळ कोणी नाही, त्याने हे पैसे जरूर द्यावेत. संपूर्ण किमतीतला तो सर्वांत सार्थकी लागणारा भाग आहे. पण ज्याला गाडी समजून घ्यायची आहे, जवळ शिकवणारे कोणी आहे आणि आपले काम दुसऱ्याकडून तपासून घ्यायची तयारीही आहे, त्याने तयार गाडी घेतली तर ते शंभर तासांचे शिक्षण त्याच्या हातून जाते.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार रस्त्यावर येणाऱ्या वाहनाच्या नमुन्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी व्हावी लागते. म्हणून घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणणे सोपे नाही. पण नळ्यांचा सांगाडा, किलो-किलोचा हिशेब आणि स्वतः घट्ट केलेले बोल्ट हा अनुभव 'बाहा'सारख्या स्पर्धांसाठी वाहने बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मिळतो.

शाळेत सुरुवात सायकलपासून करता येईल. वर्गातल्या सायकली आणि त्या चालवणारी मुले यांची वजने घ्या. २० किलोची सायकल आणि ५० किलोचा मुलगा असेल, तर १० किलोच्या महागड्या सायकलने एकूण वजन किती टक्के घटेल? चढावर त्याचा किती उपयोग होईल, आणि सपाट रस्त्यावर वाऱ्याविरुद्ध किती? दप्तर हलके केले तर तेवढाच फायदा फुकटात मिळेल का? आधी मुलांना अंदाज लिहायला सांगा, मग मोजू द्या.