पाण्याचा रिपोर्ट ‘ठीक’ आला, तरी दोन प्रश्न विचारा

सांडपाणी तपासून विषाणू शोधतात. मुंबईत पोलिओसाठी हे २००१ पासून चालू आहे. पण नमुना कुठला, ते महत्त्वाचं. शुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा फेरिक क्लोराईड घातलं की बरेच विषाणू गाळाला चिकटून तळाशी बसतात. वरच्या पाण्यात कमी दिसतात. क्लोरीनने मेलेल्या विषाणूचे अवशेषही पीसीआर चाचणीत दिसू शकतात. म्हणून साथ ओळखायला औषध घालण्याआधीचं पाणी हवं.

खाडीत सुटणाऱ्या पाण्याचं वेगळं. तिसऱ्या, कालवं पाणी गाळून खातात. विषाणू त्यांच्यात साठतात. क्लोरीनने ई-कोलाय लवकर मरतो, नोरोव्हायरस जास्त तग धरतो. तेव्हा आपण विचारूया: नमुना कुठला? विषाणू तपासला का? आणि शिंपली उघडली म्हणजे शिजली असं नाही. नीट शिजवूनच खाऊया.