एअर फ्रायरमध्ये काहीच तळलं जात नाही

फिलिप्सनं 2010 साली बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर आणला, तेव्हा विक्रीची निम्मी हुशारी त्याच्या नावातच होती. प्रत्यक्षात हा एक छोटा ओव्हन. वर तापणारी कॉइल आणि जोरात फिरणारा पंखा. तळणं म्हणजे गरम तेलात बुडवणं. ते इथं घडतच नाही. एवढं मान्य केलं, की यात दालचिनी-साखरेचे डोनट बाइट्स छान का होतात आणि भजी का फसतात, दोन्ही कळतं.

180 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घालता येतो. तेवढ्याच तापलेल्या तेलात बोट बुडवायची कुणाची छाती होणार नाही. तापमान तेच, पण तेल पदार्थाला कितीतरी वेगानं उष्णता देतं. हवेची ही सुस्ती पंखा थोडीफार भरून काढतो. पदार्थाभोवती साचलेला दमट, तुलनेनं गार हवेचा थर वारा सतत हटवतो आणि वरचा भाग सुकत जातो. तरी भज्याचं सैल पीठ तेलात पडताक्षणी जसं आवळतं, तसं इथं आवळत नाही. जाळीतून खाली गळतं. म्हणून गोळा धरणारं पीठ हवं.

एक वाटी मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा, साधारण पाऊण वाटी, श्रीखंडाला घेतो तसा चक्का. पीठ जेमतेम एकजीव करा. पुरीसारखं मळलंत तर ग्लुटेन ताठ होऊन गोळे चिवट होतील. ओल लागताच बेकिंग पावडरमधून कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो, तेव्हा पीठ झाकून ठेवून फोनवर गप्पा मारत बसू नये. गोळे इंचभर व्यासाचे करा. व्यास निम्मा केला, की आतपर्यंत उष्णता पोचायचा वेळ साधारण चौथाईवर येतो. नाहीतर बाहेर करपलेलं आणि आत कच्चं. थोडं अंतर ठेवून 175 अंशांवर सात-आठ मिनिटं पुरतात.

भाजण्याआधी वरून वितळलेलं बटर लावायचं. इथं आपला हात सवयीनं तुपाकडे जातो, पण बटरच घ्या. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. बटरमध्ये दुधातली प्रथिनं आणि लॅक्टोजही असतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी 1912 साली वर्णन केलेली प्रथिनं आणि शर्करा यांची अभिक्रिया त्यामुळे जोर धरते, आणि तांबूस रंग व खमंग वास येतो. शिवाय बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं. गोळे बाहेर काढल्यावर दुसरा हात फिरवला, की या पाण्यात साखरेचे दाणे किंचित विरघळतात आणि चिकटून बसतात. पिठीसाखर मात्र पार विरघळून चिकट होते. बारीक दाण्याची साखरच कुरकुरीत राहते.

चार चमचे साखरेला एक चमचा दालचिनी. हे मिश्रण भाजण्याआधी लावलं तर हलकी पूड पंख्याच्या वाऱ्यानं उडते आणि खाली सांडलेली साखर करपते. दालचिनीचा वास सिनॅमाल्डिहाइडचा, आणि तोही उडून जाणारा. त्यामुळे घोळवणं शेवटीच.

बाजारात दालचिनी म्हणून बरेचदा जाड, टणक सालीची कॅसिया मिळते. तिच्यात कुमारिन हे जास्त झाल्यास अपायकारक ठरणारं द्रव्य बरंच असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं त्याची मर्यादा दर किलो वजनामागे दिवसाला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम, ठरवली आहे. कधीमधी खाणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. पण रोज दालचिनी घेणाऱ्यानं पातळ, अनेक पदरांची, बोटांनी चुरडणारी खरी दालचिनी शोधावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात त्याच कुळातली.

स्निग्धांश कमी, म्हणून हे गोळे तळलेल्या डोनटपेक्षा लवकर सुकतात. उरतील असे वाटले तर तेवढे साखरेत घोळवू नका. खायच्या वेळी दोन मिनिटं तापवा, बटर लावा आणि मग घोळवा.