आवाज कुणाचा, नाव कुणाचं?

पीएचडीला ॲडमिशन घेण्याआधी तुम्ही गाईड कोण, स्टायपेंड किती, हॉस्टेल मिळेल का, हे सगळं विचारता. पेपरवर कुणाची नावं येणार आणि कोणत्या क्रमाने, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. विचारायला अवघड वाटतं, मान्य आहे. म्हणून आज हा विषय जरा लांबून घेऊ. ‘सिंगिंग इन द रेन’ हा १९५२ सालचा हॉलिवूडचा संगीतपट तुम्ही पूर्ण पाहिला नसेल, तरी छत्री मिटून पावसात नाचणारा जीन केली कुठे ना कुठे पाहिलाच असेल.

आधी गोष्ट बघू. काळ आहे १९२७ चा. ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट तुफान चालतो आणि मूकपट काढणाऱ्या सगळ्या स्टुडिओंची धावपळ सुरू होते. डॉन आणि लीना ही मूकपटांतली लाडकी जोडी. अडचण एकच, लीनाचा आवाज. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा! मग कॅथी नावाच्या नवख्या मुलीने पडद्यामागून गायचं आणि बोलायचं, लीनाने समोर ओठ हलवायचे, असा तोडगा निघतो. कॅथीचं नाव श्रेयनामावलीत द्यायचं असं स्टुडिओप्रमुख कबूल करतो. लीनाला हे कळतं, ती आपला करार वाचून येते आणि ते नाव काढायला लावते. इतकंच नाही, कॅथीने यापुढेही फक्त आपल्यासाठीच गावं, असा तिचा आग्रह असतो. शेवटी भर प्रीमियरला पडदा वर जातो आणि मागे माइकसमोर उभी असलेली कॅथी प्रेक्षकांना दिसते. टाळ्या, न्याय, सुखान्त.

आता हा सिनेमा प्रत्यक्षात कसा बनला ते बघा. इथून पुढे नावं नीट लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळ होईल. कॅथीचं काम डेबी रेनल्ड्सने केलंय, लीनाचं जीन हेगनने. ‘वुड यू?’ या गाण्यात कॅथी लीनासाठी गाते, असं आपल्याला दिसतं. तो आवाज रेनल्ड्सचा नाही, बेटी नॉइज या गायिकेचा आहे. आणि ज्या प्रसंगात कॅथी माइकसमोर उभी राहून लीनाचे संवाद बोलते, तिथे ऐकू येतो तो आवाज चक्क जीन हेगनचाच! तिचा खरा आवाज भारदस्त आणि सुसंस्कृत होता, तो पत्र्याचा आवाज हा अभिनय होता. म्हणजे हेगन रेनल्ड्सला आवाज देतेय, आणि रेनल्ड्स हेगनला आवाज देण्याचा अभिनय करतेय. दोनदा वाचा, मलाही पहिल्यांदा कागदावर बाण काढावे लागले होते.

हेगनला निदान ऑस्करचं सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. नॉइजचं नाव श्रेयनामावलीत नाही. आवाजाचं श्रेय ज्याचं त्याला मिळायला हवं, असं सांगणाऱ्या सिनेमात गाणाऱ्या बाईचंच नाव नाही. यात कुणाचा दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. तेव्हाची पद्धतच तशी होती, आणि पद्धत असली की कुणाला काही चुकतंय असं वाटेनासं होतं.

आपल्याकडेही त्याच सुमाराला हेच चाललं होतं. १९४९ सालच्या ‘महल’च्या रेकॉर्डवर ‘आयेगा आनेवाला’ची गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे सिनेमातलं पात्र! गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. पुढे पार्श्वगायकांची नावं छापली जाऊ लागली, त्यांच्यासाठी वेगळे पुरस्कारही आले. पण हे आपोआप झालेलं नाही. लताबाईंसारख्यांना त्यासाठी अडून बसावं लागलं.

पुन्हा ‘सिंगिंग इन द रेन’कडे येऊ. दिग्दर्शक म्हणून केली आणि स्टॅनली डोनन अशी दोघांची नावं आहेत. सगळ्यांना आठवतो केली, कारण तो पडद्यावर दिसतो. नृत्यं बसवताना कॅरल हेनी आणि जीन कॉइन या दोघी केलीच्या सहायक होत्या. हे नाव किती जणांनी ऐकलंय? टॅप नृत्यातल्या बुटांचा आवाजसुद्धा नंतर वेगळा रेकॉर्ड करून जोडलेला असतो, म्हणजे तिथेही कुणीतरी पुन्हा पाय आपटलेले असतात. पटकथा लिहिणारे बेटी कॉम्डेन आणि ॲडॉल्फ ग्रीन यांना तर आधी गाणी हातात मिळाली होती. जवळजवळ सगळी गाणी निर्माता आर्थर फ्रीड आणि संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राउन यांची जुनी, बरीचशी १९२९ च्या आसपासची. त्या गाण्यांभोवती गोष्ट रचा, असं काम होतं. डेटा आधी गोळा झालाय, आता प्रश्न शोधा, असं सांगणारे गाईड तुम्हाला भेटतीलच.

फ्रीड हा एमजीएममधल्या संगीतपट विभागाचा सर्वेसर्वा होता. आपल्या भाषेत लॅब हेड. ‘मेक देम लाफ’ हे त्यातलं नवं गाणं कोल पोर्टरच्या ‘बी अ क्लाउन’शी इतकं जुळतं की पाठोपाठ ऐकलीत तर हसू येईल. पोर्टरचं गाणं होतं १९४८ च्या ‘द पायरेट’मध्ये, आणि त्याचाही निर्माता फ्रीडच! हे सरळसरळ उचललेलं आहे, असं डोननने पुढे स्वतः सांगितलं. पोर्टरने खटला भरला नाही. सेटवर बॉसला कोण सांगणार?

आता आपल्या पेपरकडे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, लेखक कुणाला म्हणायचं यासाठी चार अटी घालते: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करणं, अंतिम प्रतीला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही हव्यात. फक्त निधी आणला किंवा फक्त विभागप्रमुख आहेत, एवढ्यावर लेखक होता येत नाही. अशांचं नाव आभारांत. पण या नियमाला दुसरी बाजूही आहे. ज्या ज्युनिअरने सहा महिने नमुने गोळा केले, त्याला मसुदा दाखवलाच नाही, तर दुसरी आणि तिसरी अट तो पूर्ण करणार कशी? म्हणून हीच समिती असंही म्हणते की पहिली अट पूर्ण करणाऱ्याला पुढच्या अटी पूर्ण करायची संधी मिळाली पाहिजे. हे वाक्य माहीत असणं फार उपयोगाचं आहे.

शिवाय बरीच नियतकालिकं आता ‘क्रेडिट’ नावाची वर्गवारी मागतात. त्यात १४ भूमिका आहेत: कल्पना, पद्धत, सॉफ्टवेअर, प्रयोग, डेटा सांभाळणं, पहिला मसुदा, देखरेख, निधी वगैरे. मला ही यादी आवडते, कारण ती ‘लेखक कोण’ असं न विचारता ‘कोणी काय केलं’ असं विचारते. अशी यादी असती तर नॉइज, हेनी आणि कॉइन तिघींची नावं कुठे लिहायची हा प्रश्नच पडला नसता.

तुम्ही काय करायचं? प्रयोग सुरू होतानाच या १४ भूमिकांचा तक्ता करा, नावं पेन्सिलने भरा आणि पुढच्या मीटिंगला गाईडसमोर ठेवा. ‘सर, माझं नाव येईल ना?’ हे विचारण्यापेक्षा ‘मॅडम, हा तक्ता एकदा बघता का?’ हे म्हणणं खूप सोपं जातं. काम बदललं की तक्ता बदला, तारीख घाला. लॅब असिस्टंट, स्टॅटिस्टिक्स बघून देणारा मित्र, तुमच्या आधी प्रोजेक्ट सोडून गेलेली सीनिअर, यांना विसरू नका. सोडून गेलेल्यांची नावं सगळ्यात आधी गळतात.

बेटी नॉइजबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. डिस्नेच्या १९४१ सालच्या ‘डम्बो’मधली ‘बेबी माइन’ ही अंगाई तिनेच गायली आहे. त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन होतं, गीतकार आणि संगीतकाराच्या नावावर. श्रेयनामावलीत तिचं नाव तिथेही नाही.