जमिनीतली पेटी आणि पाडव्याचा वामन

अंबरनाथचे शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, ही हकीकत आमच्या डोंबिवलीतल्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारा. तो ती छातीठोकपणे सांगेल. मंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे आणि त्यात शिलाहार राजा मम्वाणीचे नाव आहे. पण शिलाहारांपेक्षा पांडव लोकांना जवळचे! जे जुने आहे, मोठे आहे आणि कळत नाही, त्याला माणूस कोणीतरी धनी शोधून देतोच. १९६८ साली एरिख फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाचे पुस्तक निघाले आणि पांडवांची जागा परग्रहवासीयांनी घेतली. दोन्ही हकिकतींत मजुरी बुडते ती बिचाऱ्या पाथरवटाची.

विज्ञानकथेत मात्र अशा गूढ वस्तूला निराळे काम असते. आर्थर क्लार्क यांच्या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत चंद्रावर एक लहानसा चकाकता मनोरा सापडतो. माणसे अणुशक्ती वापरून तो फोडतात, तेव्हा लक्षात येते की तो पहारेकरी होता. चंद्रापर्यंत पोहोचण्याइतकी अक्कल पृथ्वीवर कोणाला आली की दूर कुठेतरी वर्दी जावी, एवढ्यासाठी तो तिथे उभा केलेला. पुढे १९६८ च्या प्रसिद्ध चित्रपटात त्याचीच काळी शिळा झाली. ती बोलत नाही, काही समजावून देत नाही. आपण कुठवर आलो आहोत, याचे ते मोजमाप आहे.

आपल्याकडे गूढ पेटी कथेत येण्यापूर्वी प्रत्यक्षातच उघडली गेली होती. नालासोपाऱ्याला एक टेकाड होते. गावकरी त्याला बुरुडराजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. मधोमध विटांची कोठी, कोठीत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. वाचकहो, एवढे सगळे उघडल्यावर सोन्याच्या करंड्यात काय निघावे? मातीच्या भांड्याची काही खापरे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे या श्रद्धेने ती तिथे जपलेली होती. पेटीत यज्ञश्री सातकर्णीचे नाणे होते. मूर्ती मात्र त्याच्यानंतर काही शतकांनी घडवलेल्या. म्हणजे मध्यंतरी कोणीतरी ही पेटी उघडली, आपल्याकडून भर घातली आणि ती पुन्हा बंद केली. सोने तसेच राहू दिले, हे विशेष.

तो ठेवा पुढे मुंबईला टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीकडे गेला. आणि गंमत पाहा, डॉ. जयंत नारळीकरांचे गंगाधरपंत गायतोंडेदेखील 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत त्याच टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन बसतात. पानिपतावर विश्वासराव बचावले आणि मराठे जिंकले, अशा एका वेगळ्याच जगात ते जाऊन पडलेले असतात. परत येतात तेव्हा हाती काय? त्या जगातल्या बखरीचे एक फाटके पान. आपल्या बखरीत गोळी विश्वासरावांना लागते, या पानावर ती चाटून जाते.

ही कथा शिकवताना वर्गातला एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, ते पान वाटेत पडले असते तर?" तर मग ते गंगाधरपंतांचे स्वप्न झाले असते, विज्ञानकथा झाली नसती. पान आहे म्हणून तर राजेंद्र देशपांडे हा त्यांचा मित्र गणिताचा आणि पुंजवादाचा आधार घेऊन विचार करायला बसतो. इथे जुनी वस्तू पूजेला मांडलेली नाही, साक्षीला उभी केलेली आहे. आणि साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आलीच.

ही उलटतपासणी आपल्या लोकांना फारशी मानवत नाही. पूर्वजांपाशी विमाने होती, असे छातीवर हात ठेवून सांगणारी मंडळी आजही काही कमी नाहीत. त्यांचा मोठा आधार 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तो १९७४ साली तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला ठरला आणि त्यातली विमाने उडणे अशक्य ठरले. तरी २०१५ च्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच! योगायोग असा की त्या १९७४ सालीच मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. ती त्यांनी टोपणनावाने पाठवली होती.

'वामन परत न आला' ही त्यांची कादंबरी मला महत्त्वाची वाटते ती याच कारणासाठी. जमिनीत खोलवर खोदताना एक पेटी सापडते. ती आपल्याहून कितीतरी पुढे गेलेल्या, पण नामशेष झालेल्या संस्कृतीची आहे. इथवर वाचून पूर्वजाभिमानी वाचकाला गुदगुल्या व्हाव्यात. पण नारळीकर त्याला तिथे थांबू देत नाहीत. पेटीतल्या ज्ञानाच्या बळावर शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवतात, तोच वामन. मग हळूहळू उमगते की ती थोर संस्कृती बुडाली ती अशाच यंत्रांपायी. पूर्वज इतके पुढे गेले होते, तर आज ते आहेत कुठे, हा प्रश्न विमानवाल्यांना कधी पडत नाही. कादंबरी तोच विचारते. क्लार्कची शिळा आपण किती चढलो ते मोजते. ही पेटी चढलेला कसा पडला ते सांगते.

नावाची निवडही मोठी मार्मिक. पुराणातला वामन मागतो केवळ तीन पावले जमीन. शुक्राचार्य सावध करतात, पण बळी ऐकत नाही, आणि बघता बघता बटू त्रैलोक्य व्यापतो. कादंबरीतला वामनही आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करू पाहतो, आणि तिथेच सारे संकट आहे. याचक आता यंत्र आहे आणि दात्याच्या आसनावर बळीच्या जागी आपण बसलो आहोत. कादंबरी १९८०च्या दशकातली. माणसाचे बोलणे समजणारी यंत्रे तेव्हा घरोघरी पोहोचली नव्हती.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. या कादंबरीच्या इंग्रजी अवताराला वामनाचे परत येणे अशा अर्थाचे नाव आहे. मराठी नाव मात्र तो परत न आल्याचे सांगते. दोन्ही एकाच लेखकाची. इंग्रजी नावात बटू दारात उभा आहे, मराठीत त्याला दारातूनच परतवले आहे. पाडव्याला आपण बळीची पूजा करतो आणि त्याचे राज्य पुन्हा यावे असे म्हणतो. वामन परत यावा असे मात्र त्या दिवशी कोणी म्हणत नाही.